कापसाच्या गाड्यांमागचा माणूस

नाना, वेबचं पान म्हणजे काय ते तुम्हाला कसं समजावून सांगायचं, इथंच मी दरवेळी अडते. हे पत्र मनात पुष्कळदा सुरू केलं आणि दरवेळी याच जागी सोडून दिलं. तुमचं पान म्हणजे कागद. त्याला कडा होत्या, ओल्या शाईचा वास होता, उन्हाळ्यात ते कडक व्हायचं आणि पावसाळ्यात सादळायचं. मी ज्या पानांवर पोट भरलं त्यांना कडाच नाहीत. ते पान कुणाच्या काचेवर केवढं उघडेल हे करणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि वीज गेली की ते कुठंच नसतं. तुम्ही म्हणाला असता, मग धरायचं कुठं? मलाही सुरुवातीला हाच प्रश्न पडला होता. तरी आज नेटानं लिहिते आहे, कारण जे घडलं ते या पानांमुळेच घडलं आणि ज्याच्याबाबतीत घडलं त्याला ते कुणी सांगितलेलं नाही. मी आता तुमच्याहून वयानं मोठी झाले आहे. केस तुमच्यापेक्षा जास्त पांढरे आहेत. पण तुम्हाला अहो-जाहोच करीन, दुसरं जमणार नाही.

जळगावातला तुमचा छापखाना मला घरापेक्षा स्पष्ट आठवतो. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून आपल्या गावाहून, असोद्याहून, तिथं न्यायचात. केळीच्या बागांमधून रस्ता, तुमचा श्वास माझ्या कानाशी, आणि गावात शिरताना तेलाच्या घाण्यांचा वास. मागच्या खोलीत तुमचं टेबल, वरची काच दुधी, खाली दिवा. तुम्ही दिवा लावता आणि तुमचा चेहरा खालून उजळतो. लहानपणी मला त्या क्षणाची भीती वाटायची. नाक, हनुवटी, चष्म्याची कडा सगळं उलटं उजळलेलं, आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या काचा. तिथं छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकाचा दिवाळी अंक तुम्ही त्या काचेवर लावायचात. जुळवून आलेल्या मजकुराच्या लांब पट्ट्या, पात्यानं कापायच्या, मागे रबर सोल्युशन लावायचं, आखलेल्या पानावर बसवायच्या. फोटोसाठी चौकट सोडायची. मथळ्याखाली तुम्ही बोटभर जागा मोकळी ठेवायचात. मालक म्हणायचे, इथं एक जाहिरात बसेल. तुम्ही मान डोलवायचात आणि जागा तशीच सोडायचात.

एकदा तुम्ही मला एक कॉलम चिकटवायला दिला होता. माझ्या हातून तो झाला आणि मी मोठ्या ऐटीत बाजूला उभी राहिले. तुम्ही दोन पावलं मागे गेलात, मान उजवीकडे कलती केलीत, डावा डोळा मिटलात. कुठलंही पान छपाईची प्लेट करायच्या कॅमेऱ्याकडे जायच्या आधी तुम्ही असंच बघायचात. मग म्हणालात, "डावीकडून खाली गेलंय." मी पट्टी लावून पाहिली. जेमतेम केसभर फरक होता. मी म्हटलं, एवढं कोणाला दिसतंय? तुम्ही ती पट्टी ओढून काढलीत, कागद टरकला, आणि तुम्ही जरा चढ्या आवाजात म्हणालात, "दिसत नाही, पण वाचणाऱ्याची मान दुखते." त्या दिवशी घरी जाताना मी दांडीवर रडत होते. दुसऱ्या दिवशी मात्र तुमचं भिंग मला दिलंत. छापलेल्या फोटोवर ठेवायला लावलंत. एका बाईचा फोटो होता, साडीची जाहिरात. भिंगाखाली बाई नव्हतीच, नुसते काळे ठिपके, मोठे आणि बारीक. मी भिंग उचललं, बाई परत आली. मी कितीतरी वेळ भिंग ठेवत होते, उचलत होते. तुम्ही हसत होता.

मी नववीत होते तेव्हा श्रावणातल्या एका सोमवारी तुम्ही सकाळी सायकल घेऊन तापीवर आंघोळीला गेलात. तुम्ही दर सोमवारी जायचात असं नाही, पण श्रावणात कधीमधी जायचात, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. दुपारपर्यंत आला नाहीत. काका आणि गावातले चारदोन जण गेले. सायकल झाडाखाली कुलूप लावून उभी होती. दगडावर धोतर, सदरा, टोपी. त्यांच्यावर चष्मा. नदी तांबडी, दोन्ही थड्या भरून चालली होती. पोहणारे उतरले, खालच्या गावांना निरोप गेले, पाणी उतरेपर्यंत शोध चालला. तुम्ही मिळाला नाहीत. मग काकांनी भटजींना विचारून दर्भाचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. तो पुतळा माणसापेक्षा लहान होता, एखाद्या झोपलेल्या पोराएवढा, आणि तो इतक्या लवकर जळला की लोकांना आणखी थोडा वेळ उभं राहावं की निघावं कळेना. माय बायकांच्या घोळक्यात मागे बसली होती. तिला जे जे करायला सांगितलं ते तिनं केलं. कपाळ पुसलं, बांगड्या दिल्या, मंगळसूत्र काढून काकूच्या हातात ठेवलं. पण त्यानंतर ती तुमच्याबद्दल 'वारले' असं कधीही म्हणाली नाही. 'गेले' म्हणायची. पितृपक्षात काकांच्या घरी तुमचं पान वाढायचे, त्या दिवशी ती सकाळीच विळा घेऊन केळीच्या बागेत निघून जायची आणि दिवेलागणीला यायची. मला वाटायचं, तिला सहन होत नाही.

मी शिकले, जळगावात कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम करू लागले, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी धुळ्यात एका नव्या ऑफिसात लागले. आधी तिथं लग्नपत्रिका आणि बिलबुकं व्हायची. तिथले मालक, आमचे सर, तरुण होते, ते पुण्यात काही पाहून आले आणि त्यांनी बोर्डावर 'वेबसाइट' असा शब्द वाढवला. देवपुरात मी खोली घेतली. शनिवारी असोद्याला जायची, सोमवारी पहिल्या गाडीनं परत. पहिल्याच वर्षात आमच्याकडे तुमच्या साप्ताहिकाचं काम आलं. खानदेशातली पोरं अमेरिकेत, दुबईत गेलेली, त्यांना घरबसल्या वाचता यावेत म्हणून जुने दिवाळी अंक वेबवर टाकायचे होते. जुन्या अंकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. वरच्या अंकाचं मुखपृष्ठ उलटलं आणि मथळ्याखाली बोटभर मोकळी जागा दिसली. मी सरांना सांगितलं नाही की ही माझ्या वडिलांची पानं आहेत. का सांगितलं नाही, ठाऊक नाही. शनिवारी घरी गेल्यावर मायला मात्र सांगितलं.

कागदावरचं पान वेबवर न्यायचं म्हणजे आधी ते मोडायचं, नाना. तुम्ही जे चिकटवलं होतं ते मी पुन्हा सुटं करत होते. आपली अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर उमटत नसत, चौकोन नाहीतर जंतर-मंतर काहीतरी दिसायचं, म्हणून मथळे आणि पुष्कळदा मजकूरही चित्र म्हणून कापावा लागे. मग पडद्यावर कोष्टक आखायचं, आडव्या-उभ्या घरांचं, आणि एकेका घरात एकेक तुकडा बसवायचा. ज्या घरात काही नाही ते घर मिटून जायचं आणि शेजारची घरं त्याच्यावर कोसळायची. तुमची ती मोकळी जागा काही केल्या राहत नव्हती. त्यावर एक युक्ती होती. एका ठिपक्याएवढं, आरपार, डोळ्याला न दिसणारं चित्र करायचं आणि त्या रिकाम्या घरात ठेवून हवं तेवढं ताणायचं. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, पण तिथं कोणीतरी असतं, म्हणून जागा राहते. मी तुमच्या पानापानांत अशी न दिसणारी चित्रं भरली. दुपारी ऑफिसात पंख्याचा आवाज तेवढा असायचा, आणि मला हळूहळू सवय लागली की प्रत्येक पान झालं की खुर्ची मागे सरकवायची आणि थोडं थांबायचं. कशासाठी थांबते आहे हे मी स्वतःला विचारत नव्हते.

तुमचे अंक संपले. त्यानंतरचे अंक दुसऱ्या आर्टिस्टनं लावलेले होते, त्यानं तुमचीच मांडणी पुढे चालवली होती. मोकळी जागाही तशीच, फक्त थोडी चोरलेली. तुम्ही गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीचा अंक मी उघडला. त्यात कापसावर लेख होता आणि वर अर्ध्या पानाचा फोटो, जामनेरच्या बाजाराचा. कापसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग, मधे लिलाव पुकारणारा, भोवती गर्दी. स्कॅन पडद्यावर आला तेव्हा खूप मोठा होता, नुसते ठिपके. मी तो लहान करत आणला. ठिपके एकमेकांत मिसळले, बैलांची शिंगं आली, पागोटी, टोप्या, पाठी आल्या. सगळी माणसं पुकारणाऱ्याकडे बघत होती. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत, मागच्या बाजूला, एक माणूस मात्र सरळ माझ्याकडे बघत होता. मान उजवीकडे कलती. डावा डोळा मिटलेला. चष्मा नव्हता, गालांवर चारदोन दिवसांची दाढी होती.

मी ओरडले नाही. आधी मला एवढंच वाटलं की पान वाकडं लागलंय आणि मी ते सरळ करायला हवं. फोटो मोठा केला, तुम्ही ठिपके झालात. लहान केला, राखाडी डाग झालात. मधल्या एका मापाला तेवढे तुम्ही होतात. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीला मी बोलावलं आणि विचारलं, इथं काय दिसतं? ती वाकून म्हणाली, "कोणीतरी डोळा मारतोय, मॅडम," आणि हसत गेली. म्हणजे माझ्या डोळ्यांचा दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू करताना मी देवाचं नाव घेतलं आणि मनात म्हटलं, गेलेला असू दे. तुम्ही तिथंच होता. त्यानंतर मी पुढचे अंक घेतले आणि गर्दीचा एकेक फोटो मोठा-लहान करून बघू लागले. यात्रा, सभा, कुस्त्या. एका फोटोत एक पाठ तुमची वाटली. दुसऱ्यात एक खांदा. तिसऱ्या दिवशी ऑफिसात येताना मला रस्त्यावरच्या प्रत्येक पाठीत तुम्ही दिसायला लागलात, तेव्हा मी घाबरून ते अंक कपाटात टाकले.

फोटोखाली फोटोग्राफरचं नाव होतं. तो धुळ्यातच राहायचा. स्टुडिओ बंद पडला होता, म्हातारा घरी बाजेवर बसलेला होता. निगेटिव्हचं विचारलं तर सगळ्या पुरात गेल्याचं सांगत म्हणाला, "बठ्ठं पाणीमा गयं, ताई. काहीच नही शे आता." मी म्हटलं, हा फोटो जुना असेल ना? दिवाळीच्या आधी बरीच वर्षं काढून ठेवलेला? तो चिडला. त्यानं सांगितलं की जामनेरला तो जन्मात एकदाच गेला, त्या अंकासाठी, आणि त्याच आठवड्यात त्याला मुलगा झाला होता, म्हणून फोटो साप्ताहिकात देऊन तो तसाच दवाखान्यात पळाला होता. त्यात चूक होणं शक्य नाही. मी छापील फोटो त्याच्यापुढे धरला आणि गाड्यांमधल्या माणसावर बोट ठेवलं. त्याला चेहरा काही आठवला नाही. पण फोटोकडे बघता बघता तो एकदम हसायला लागला. म्हणाला, त्या दिवशी गर्दीतल्या एकानं त्याला हटकलं होतं. तो कॅमेरा डोळ्याला लावून उभा असताना लांबून कोणी म्हणालं, डावीकडून खाली गेलंय. "माले राग उना," म्हातारा सांगत होता, "म्हन्त, तू कोन सांगनारा? पण घर ईसन फोटो धोया, तं खरंच वाकडा व्हता!" त्याच्या सुनेनं पुढ्यात चहा ठेवला होता. तो तसाच राहिला. मी नमस्कार करून उठले आणि पांझरा नदीच्या पुलावर आल्यावर लक्षात आलं की चपला त्याच्याच दारात राहिल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी जामनेरला गेले. बसमध्ये मी ठरवत होते, कुणाला विचारायचं, कसं विचारायचं. फोटोची प्रत पर्समध्ये होती. बाजारात आता बैलगाड्या कमी आणि ट्रॅक्टर जास्त, कापसाची तूस हवेत उडून केसांवर बसत होती. मी एका चहाच्या टपरीसमोर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे बघत होते. टपरीवालीनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनले शोधू रायली व माय?" मी फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि मग विचारलं, "कोन लागते हा तुहा?" नाना, एवढा सोपा प्रश्न होता. वडील म्हटलं असतं तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता, आणि त्याचं काहीतरी उत्तर आलं असतं. कदाचित तिनं कोणाला तरी हाक मारली असती. कदाचित कोणी आलं असतं. मग गावात कपाळ पुसून बसलेली ती बाई कोण? आणि मी कोणाच्या पुतळ्यापुढे उभी राहिले होते? मी म्हटलं, "कोणी नाही." फोटो परत घेतला आणि पहिल्या गाडीनं धुळ्याला आले. दोन शनिवार मी असोद्याला गेले नाही. मायच्या समोर बसून भाकरी खाता आली नसती.

मी येत नाही म्हटल्यावर माय स्वतःच आली. थंडीचे दिवस होते. पिशवीत भरताची वांगी, भाकरीसाठी कळण्याचं पीठ, आणि एवढा प्रवास एकटीनं केल्याचा चेहऱ्यावर थोडा डौल. पत्ता विचारत विचारत ती थेट ऑफिसात पोचली. सरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती माझ्या मशीनकडे बघून म्हणाली, "तुह्या नानानं लावलेले पानं याच्यात हायेत म्हने. दाखव मले." सरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, आणि ते बाहेर निघून गेले. मी तिला तुमची पानं एकेक करून दाखवली. तिला अक्षरं फारशी वाचता येत नव्हती, पण तुमचं पान ती ओळखायची. मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणायची, हे त्याहीचं. तिच्या बोटाला काचेतून बारीक चटका बसायचा आणि ती हात मागे घ्यायची, पुन्हा लावायची. तो एक अंक आला तेव्हा मी भरभर पुढे गेले. पण तेवढ्यात तिनं पाहिलं होतं.

"मांगं घे," ती म्हणाली.

मी मागे घेतलं. फोटो अजून त्याच मापाला होता, मी तो बदललेला नव्हता. माय खुर्चीतून पुढे झुकली. तिच्या तोंडावर पडद्याचा निळसर उजेड पडला. मग तिनं विचारलं, "कव्हाचा हाये हा?" मी खरं ते सांगितलं. फोटोग्राफरनं सांगितलेलंही सांगितलं, त्या वाक्यासकट. ती ऐकत होती आणि नजर तुमच्यावरून हलवत नव्हती.

"माय, ते नाना आहेत का?"

"हे तू मले कायले इचारते? तुले डोये नहीत?"

मग ती मागे टेकली आणि अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशी, बोलू लागली. म्हणाली, "आंघोळीले जानारा मानूस चष्मा सदऱ्यात गुंडायून ठेवते. वाऱ्यानं पडू नही म्हून. तुह्या काकानं सांगतलं, चष्मा वरतं ठेयेल होता, दांड्या मिटून. मले समजलं. मंग मी नदीकडे पाह्यलंच नही. वाटेकडे पाह्यलं." मी विचारलं, पण का गेले? भांडण झालं होतं का तुमचं? ती म्हणाली, "काही नव्हतं. आदल्या राती जेवले, तुह्या अभ्यासाचं इचारलं, झोपले. का गेले ते तेच जानो." इतकी वर्षं ती हे घेऊन एकटी बसली होती. पितृपक्षात बागेत का निघून जायची, ते मला त्या खुर्चीत कळलं. जिवंत माणसाचं पान वाढलेलं तिला बघायचं नव्हतं.

मी म्हटलं, आपण जामनेरला जाऊ. दोघी जाऊ, विचारू. तिनं मान हलवली. पुन्हा पुढे झुकून तुमच्याकडे पाहिलं, तुमच्या त्या उघड्या डोळ्यात. "याच्याकडं पाय," ती म्हणाली. "हा घरी येनारा मानूस दिसते का तुले?" तुम्ही आमच्याकडे बघतच नव्हता. काहीतरी सरळ आहे की वाकडं, तेवढंच बघत होता.

"हे बठ्ठ्याहीले दिसंन?" तिनं विचारलं.

"हो. सगळ्यांना, अमेरिकेतसुद्धा."

"मंग ल्हान कर."

मी फोटो एक पायरी लहान केला. बैलांच्या शिंगांची टोकं गेली. "अजून," ती म्हणाली. तुमची दाढी गेली. "अजून." तुमचा मिटलेला डोळा आणि उघडा डोळा सारखे झाले. मी थांबले. तिनं माझ्याकडे न बघता हातानं खूण केली, अजून. गाड्यांच्या मधल्या फटीत एक राखाडी ठिपका राहिला, कापसाच्या बोंडासारखा, मग तोही पांढऱ्यात मिसळला. "बस," माय म्हणाली. तिनं पदराच्या टोकानं पडदा पुसला, जिथं तुम्ही होतात तिथं. पदर काचेला चिकटल्यासारखा ओढला गेला आणि बारीक चट् असा आवाज झाला. आम्ही दोघी दचकलो. मग ती म्हणाली, वांगी आजच भाजली पाहिजेत, उद्यापर्यंत मऊ पडतील.

संध्याकाळी सरांनी काम तपासलं. फोन लाइनीवरून पान लवकर उघडावं म्हणून ते नेहमी चित्रं लहान करायला सांगायचे आणि मी हट्ट करायची. त्या दिवशी ते खूष झाले. जामनेरचं पान एकदम हलकं झालंय म्हणाले.

त्यानंतरच्या भाद्रपदात माय बागेत गेली नाही. तिनं काकांना निरोप पाठवला की या वर्षी आमच्याकडे करायचं. सकाळी उठून आंघोळ केली, खीर केली, वडे केले, तुम्हाला आवडायची ती चवळीची भाजी केली. केळीचं पान स्वतः कापून आणलं, पुसलं, आणि त्यावर एकेक पदार्थ वाढला, प्रत्येक आपापल्या जागी. ते पान घेऊन मागच्या भिंतीवर ठेवलं आणि आत येऊन दार लावून घेतलं. कावळा शिवतो की नाही ते बघायला ती थांबली नाही. जेवताना काकूनं तुमची काहीतरी आठवण काढली, तेव्हा माय म्हणाली, "ते वारले तव्हा ही पोरगी नववीत होती." काकांनी घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडून तो शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. मीही.

म्हणून नाना, लोक तुम्हाला तापीत गेले म्हणतात, मी म्हणत नाही. त्या फोटोनंतर तुम्ही कुठं होतात, किती वर्षं होतात, चष्म्याशिवाय तुमचं कसं चाललं, कुठल्या गावात कोणाच्या ओसरीवर झोपत होतात, यातलं मला काही माहीत नाही आणि आता ते सांगायला तुम्ही हयात असाल असं तुमचं वयही राहिलेलं नाही. माझ्या लेखी तुम्ही वारलात ते धुळ्यात, थंडीतल्या एका दुपारी, माझ्या टेबलावर. मी आणि माय दोघी तुमच्याजवळ होतो. रागाचं म्हणाल तर मी पुष्कळ वर्षं रागावले होते. मायसाठी जास्त. ती गेली त्याला आता बराच काळ झाला, शेवटच्या आजारात तिनं तुमचं नाव घेतलं नाही आणि मी काढलं नाही. तिच्या दिवसांनंतर मात्र राग कुठं गेला ते कळलं नाही. ते साप्ताहिक बंद पडलं, ती वेबसाइटही कधीतरी कोणी पैसे न भरल्यामुळे निघून गेली. तुमची ती सगळी पानं आता कागदावरही नाहीत आणि काचेवरही नाहीत.

हे पत्र मी पाकिटात घालणार नाही. पत्त्याच्या जागी काय लिहू? पण एक गोष्ट मी मायलाही सांगितली नव्हती, सरांनाही नाही. वेबच्या पानावर प्रत्येक चित्रासोबत दोन शब्द लिहून ठेवायचे असतात. फोनची लाइन मंद असली आणि चित्र यायला वेळ लागला, तर तोवर त्या रिकाम्या चौकटीत ते शब्द दिसतात, आणि चित्र आलं की पुसले जातात. त्या फोटोसाठी सरांनी दिलेले शब्द होते, जामनेरचा बाजार. मी ते टाकले नाहीत. तिथं मी इंग्रजी अक्षरांत, तुमच्या पोरीला तुम्ही शिकवलं होतं तेवढ्याच काळजीनं, नाना असं लिहिलं.